बुधवारची पैज

सांता क्लारा
गुरुवार, १२ जून २०२५

प्रल्हाद काका,

नमस्कार. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ईमेल आलं की तुम्ही पद्मजाताईला प्रिंट काढायला लावता, म्हणून म्हटलं सरळ कागदच पाठवावा. सातवीपर्यंत नाशिकला होतो, तेवढ्या शिदोरीवर लिहितोय. चुका काढत बसू नका.

बातमी ही की काल सावनी जिंकली. स्प्रिंग सिरीजची शेवटची रेस, अकरा सेकंदांनी. ‘झुळूक’ पहिली. माइकवरच्या माणसाला अजून ते नाव जमत नाही, तो ‘जुलूक’ म्हणतो, पण काल त्याने ते तीनदा म्हटलं आणि तीनही वेळा मला बरं वाटलं. सिरीज तिची, म्हणजे सप्टेंबरच्या मोठ्या रेगाटाला क्लबची एंट्री तिची. तीन दिवस शर्यती, मोठ्या बेमध्ये, गोल्डन गेटच्या वाऱ्यात. चोवीस फुटांची जुनी बोट, तिची नि प्रीताची अर्धी-अर्धी, आणि त्यांच्या मागे कोण कोण होतं तुम्हाला सांगू? ते नव्या कार्बनच्या शिडांवाले दोघं डॉक्टर. मागे म्हणजे मागेच.

मी कमिटी बोटीवर होतो, नेहमीसारखा लाइनवर. कुमार काका झेंडे आणि हॉर्न सांभाळतात, मी डोळा लावतो. तुम्ही शिकवलंत तसाच. आपल्या बोटीच्या खांबापासून तरंगत्या नारिंगी बोयापर्यंत एक रेघ आहे असं धरायचं, हॉर्नच्या क्षणी ती रेघ कुणाच्या नाकाने ओलांडली असेल तर नंबर पुकारायचा, दुसरा हॉर्न वाजतो, मग त्याने मागे फिरून पुन्हा यायचं. आता माझा डोळा चांगला बसलाय. कुमार काका म्हणतात, प्रल्हादनंतर हाच.

तुम्ही टेक्सासला गेलात तरी तुमचा बुधवारचा पैजेचा डबा चालू आहे. झाकणाच्या आत तुमचा कागद तसाच चिकटलेला आहे: माणशी पाच डॉलर, पहिल्या हॉर्नच्या आधी टाकायचे, नंतर वाढवायचे नाहीत, हरलेलं पुढच्या बुधवारी भरून काढायला जायचं नाही, आणि ज्याचा हात रेसमध्ये आहे त्याने डब्यात हात घालायचा नाही. काल डबा मंजुषाकाकूंनी जिंकला, त्यामुळे सगळ्यांना मिसळ. त्यांनी लावलेले सावनीवर. बाकी सगळे डॉक्टरांवर. लाज वाटायला पाहिजे यार लोकांना. मी डब्यात काहीच टाकलं नाही, नियम म्हणजे नियम.

आणखी एक. शंतनू झुळूकवरची जागा सोडतोय. सप्टेंबरला त्याच्या जागी पुढच्या शिडावर मी. सावनी अजून हो म्हणाली नाही पण म्हणेल. तुम्ही तिला दोन शब्द लिहिलेत तर बरं होईल, तुमचं ती ऐकते. माझं काम कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. यार्डात आठ महिने झाले, बोटींच्या बुडावरचं शेवाळ खरवडून हात सोलले, कुणाची तक्रार नाही.

बाबांचा फोन आला तर मी मजेत आहे म्हणून सांगा. कॉलेजचं विचारतील. विषय बदला.

तुमचा
ओजस

*

शुगर लँड
२० जून २०२५

ओजस,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही. पत्र मिळालं. पद्मजा म्हणाली, बाबा, तुम्हाला स्टॅम्प लावलेलं पत्र, कोण वारलं? इथे सकाळी नऊलाच बाहेर पाय ठेववत नाही इतकं उकडतं. वाऱ्याचं पत्र वाचून बरं वाटलं.

सावनी जिंकली याचा मला फार आनंद झाला. आता तिला माझ्याकडून दोन शब्द हवेत म्हणतोस. पोरा, तुझ्या पत्रात तिचं नाव किती वेळा आलंय ते मी मोजलं नाही, पण पद्मजाने मोजलं. ती तुला हसली. मी हसलो नाही. त्या वयात मीही बोटीपेक्षा बोटीतल्या माणसाकडे जास्त बघायचो.

पण मला एक कळलं नाही. शंतनू जागा का सोडतोय? तीन वर्षं त्या शिडावर आहे. जिंकलेल्या बोटीवरून, रेगाटाच्या तोंडावर, कुणी उतरत नाही. दुखापत झाली का? व्हिसाचं काही आहे का?

आणि गंमत म्हणजे सावनीने मला लिहिलंच होतं, तुझं पत्र पोचायच्या आधी, ईमेलवर. तिच्या जीपीएसच्या घड्याळात बोट गेली त्या मार्गाची जी रेघ उमटते, त्यात हॉर्नच्या वेळी ती लाइनच्या थोडी पुढे दिसतेय म्हणे. तिने विचारलं, काका, अशा घड्याळाचा भरवसा किती? मी कळवलं, त्या घड्याळांना दहा-बारा फुटांचा फरक सहज पडतो, लाइनवरच्या माणसाचा डोळा हेच प्रमाण. त्यावर तिचं उत्तर आलं. तिच्याच शब्दांत लिहितो: ‘लाइनवर ओजस होता. त्याने नंबर घेतला नाही म्हणजे मी क्लिअर होते. मग प्रश्नच नाही.’

तुला आवडेल म्हणून लिहिलं. असं कुणी आपल्याबद्दल म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

तुझ्या बाबांशी, संजयशी, बोललो. म्हणजे तो बोलला, मला निम्मं ऐकू आलं. विषय बदलला नाही.

प्रल्हाद काका

*

सांता क्लारा
२६ जून

काका,

शंतनू का सोडतोय ते शंतनूला विचारा. मला काय माहीत त्याच्या मनात काय आहे ते. त्याचं काय, मोठी कंपनी, मोठा पगार, त्याला वाटतं आपण बोटीवर बसतो म्हणजे बोटीवर उपकार करतो. माझ्याशी तो कसा बोलतो ते तुम्ही कधी ऐकलं नाहीत. ‘ओजस, तू लाइन बघ. शिकलेल्या माणसाला शिडाचे अँगल कळतात.’ सगळ्यांसमोर. सावनीसमोर.

मी कॉलेज सोडलं ते माझं मी बघेन. दोन वर्षं प्लेनोहून, बाबांच्या घरून, रोज हायवेने जाऊन काय शिकलो ते मला विचारा. काही नाही. इथे मी वारा कुठून वळणार हे पाण्याच्या रंगावरून सांगतो.

सावनीने घड्याळाचं तुम्हाला का लिहिलं? मला विचारायचं ना. मी तिथेच होतो. मी रोज तिथेच असतो.

तुम्ही तिला काय लिहिलंत ते नीट कळवा. माझ्याबद्दल आणखी काही म्हणाली का तेही.

ओजस

*

शुगर लँड
२ जुलै

ओजस,

मी एकच प्रश्न विचारला होता आणि तू एक पानभर उत्तर दिलंस, त्यात उत्तर नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मी नोकरीत लोकांचे रिपोर्ट वाचले. रागाने लिहिलेल्या रिपोर्टात काय नाही ते आधी बघायचं असतं.

सावनी जिंकल्यामुळे शंतनूने जागा सोडली का?

प्रल्हाद काका

*

सांता क्लारा
९ जुलै

काका,

हो.

चार पानं लिहून फाडली. आता जे आहे ते लिहितो.

त्या बुधवारी रेसच्या आधी आम्ही पार्किंग लॉटमध्ये होतो, मी आणि शंतनू. तो त्याच्या गाडीतून शिडाची पिशवी काढत होता. मी म्हटलं आज झुळूक घेणार. तो म्हणाला, आज डॉक्टर घेणार, हवा हलकी आहे, मी डब्यात त्यांच्यावर पाच टाकलेत. काका, तो स्वतः झुळूकवर बसतो आणि दुसऱ्यावर लावतो. तुमचा नियम तोही मोडतच होता, पण ते सोडा. मी म्हटलं, तू ज्या बोटीवर बसतोस तिच्यावर तुझा विश्वास नसेल तर उतर. तो हसला. म्हणाला, ‘उतरतो. आज ती जिंकली तर माझी जागा तुझी. आणि हरली तर?’

मी म्हटलं, हरली तर फॉल सेमेस्टरला प्लेनोला परत जातो, पुन्हा इथे दिसणार नाही.

तो म्हणाला, ‘डन?’ मी म्हटलं, डन. हात मिळवला. पैशाचा एक शब्द नव्हता. म्हणून मला वाटलं, डब्याचा नियम आपण मोडला नाही. खरंच वाटलं. कमिटी बोटीवर चढताना तर मला वाटत होतं की मी काहीतरी भारी केलंय.

मग स्टार्ट. सूर्य माझ्या पाठीवर होता, त्यामुळे डोळ्यावर उजेड आला असं मी म्हणू शकत नाही. झुळूक बोयाच्या बाजूने आली, शिडं भरलेली, सावनी वल्ह्यावर वाकलेली. म्हणजे सुकाणूवर, तुम्हाला कळलं. फार सुंदर येत होती काका. जरा आधी आली. हॉर्न वाजला तेव्हा तिचं नाक रेघेच्या पुढे होतं. दोन फूट. कदाचित अडीच.

मला दिसलं. नंबर माझ्या तोंडात आला होता.

कुमार काकांनी विचारलं, ‘क्लिअर?’ त्यांचा हात दुसऱ्या हॉर्नवर होता. मी झुळूककडेच बघत होतो. किती सेकंद ते माहीत नाही. ते पुन्हा म्हणाले, ‘ओजस, क्लिअर का?’ आणि मी म्हणालो, ‘ऑल क्लिअर.’

तेव्हा मला वाटलं मी तिला एक भेट दिली. तिला कधी कळणार नाही अशी भेट, मोठ्या मनाची. आठवडाभर मी त्याच नशेत होतो. मग तुमचं पत्र आलं. ‘लाइनवर ओजस होता, मग प्रश्नच नाही.’ ते वाक्य वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

आता मला सांगा काय करू. निकालाला महिना होत आला. तक्रारीची मुदत दोन दिवसांची असते, ती केव्हाच गेली. कुणाला माहीत नाही. शंतनूला पैज माहीत आहे, दोन फूट माहीत नाहीत. सावनीला दोन्ही माहीत नाही. काल ती मला म्हणाली, २६ तारखेच्या शनिवारी ये, शिडावर हात बसवू. तिने हो म्हटलं काका. मला जे हवं होतं ते सगळं मिळालंय.

ओजस

*

शुगर लँड
१५ जुलै

ओजस,

पत्र दोनदा वाचलं. पद्मजाला दिलं नाही.

तुला शिव्या द्यायला बसलो होतो, पण त्या तू स्वतःला देतच असशील. त्यामुळे कामाचं लिहितो.

आधी सावनीला सांग. समोर बसून. मेसेज नाही, ईमेल नाही, मला लिहितोस तसं पत्रही नाही. पैज आणि दोन फूट, दोन्ही, एका दमात. एक सांगून दुसरं उद्यावर ठेवू नकोस. ती काय बोलेल ते ऐकून घे. मध्ये स्वतःची बाजू मांडू नकोस, तुला ती सवय आहे. मग कुमारकडे जा, त्यालाही समोर सांग. त्याने तुझ्या शब्दावर हॉर्नवरून हात काढला होता, हे विसरू नकोस.

हा क्रम उलटा करू नकोस. कमिटीला आधी कळलं तर तिला ते चार लोकांतून कळेल. ते तिच्या वाट्याला येता कामा नये.

शिडांच्या खेळात मैदानावर पंच नसतो. दूर पाण्यात कुणाची बोट बोयाला घासली हे ज्याचं त्याला माहीत असतं आणि ज्याचा तो सांगून बाहेर पडतो. मी या देशात आलो तेव्हा मला हे खरं वाटेना. पहिल्याच वर्षी एक म्हातारा जिंकलेली रेस सोडून घरी गेला, का तर त्याचं शीड बोयाला लागलं होतं आणि ते त्याच्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं. तेव्हापासून मी दर बुधवारी यायला लागलो. एवढ्या भरवशावर हा सगळा प्रकार चालतो, आणि लाइनवर उभा असतो त्याच्यावर तर सगळ्यांचाच भरवसा असतो.

शनिवारी तिने बोलावलंय ना. शनिवारीच सांग.

प्रल्हाद काका

*

सांता क्लारा
३१ जुलै

काका,

मी क्रम उलटा केला.

शनिवारी गेलो होतो. खरंच सांगायला गेलो होतो, गाडीत वाक्यं पाठ करत गेलो. ती यार्डात झुळूकच्या बुडाला रंग देत होती. नाकावर निळा ठिपका. मला बघून म्हणाली, ‘आलास? ब्रश घे, उभा काय राहतोस.’ मग दोन तास आम्ही रंग दिला. ती सप्टेंबरचं बोलत होती, भरती-ओहोटीचा तक्ता तिने पाठ केलाय. म्हणाली, ‘ओजस, मला ना अजून खरं वाटत नाही. मी रात्री उठून एंट्रीचा ईमेल बघते.’ मी तोंड उघडलं आणि म्हटलं, दुसरा हात उद्या देऊ का. रंगाचा. एवढंच निघालं.

घरी येऊन मी कमिटीला ईमेल केलं. तीन ओळी. मी पाहिलं, मी सांगितलं नाही, मी माफी मागतो. पैजेबद्दलही लिहिलं. पाठवल्यावर मला हलकं वाटलं. त्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

मला वाटलं ते मला बोलावतील, विचारतील, वेळ जाईल, तोवर मी तिला सांगेन. त्यांनी बुधवारी क्लबच्या फळ्यावर नोटिस लावली. माझं ईमेल जसंच्या तसं, आणि खाली: मुदत संपल्यामुळे निकाल कायम. ती कामावरून थेट आली, हातात बोटीवरचं जॅकेट, आणि वीस माणसांच्या घोळक्यात उभं राहून तिने ते वाचलं. मी मागेच होतो. शंतनू पण.  ती आत ऑफिसात गेली, कागद मागितला आणि ११ जूनच्या रेसमधून झुळूक मागे घेते असं लिहून दिलं. कुमार काका म्हणाले, ‘सावनी, गरज नाही. निकाल कायम आहे, तुझी काही चूक नाही.’ ती म्हणाली, ‘आता मला माहीत आहे काका. माहीत असताना कशी ठेवू?’

रेगाटाची एंट्री डॉक्टरांना गेली.

मग ती माझ्याकडे आली. जेटीच्या टोकाला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘दोन फूट?’ तिने विचारलं.

‘दोन. अडीच असतील.’

‘तू नंबर घेतला असतास ना, तर मी तिथल्या तिथे फिरले असते. चाळीस सेकंद गेले असते. त्या दिवशी पुढे वारा सगळा आमच्या बाजूला होता. मी कदाचित तरीही जिंकले असते, ओजस. आता मला ते कधीच कळणार नाही. यू अंडरस्टँड दॅट?’

मी म्हटलं, मी ते तुझ्यासाठी केलं.

‘माझ्यासाठी नाही. माझ्या बोटीवर यायला. माझ्या बोटीतली जागा तुम्ही दोघांनी पार्किंग लॉटमध्ये लावलीत. मला कुणी विचारलं? प्रीताला विचारलं? ती जागा काय शंतनूच्या बापाची आहे, का तुझ्या?’

तुम्ही सांगितलं होतं, मध्ये बोलू नकोस. मी बोललो. मी म्हटलं, सावनी, मला तू आवडतेस, इथे आलो तेव्हापासून, त्यामुळे.

ती म्हणाली, ‘हे तू आज सांगतोयस.’ प्रश्न नव्हता तो. मग म्हणाली, ‘शनिवारी दोन तास माझ्या शेजारी उभा होतास. मी एवढं बडबडत होते. तू ऐकत होतास आणि तुला माहीत होतं.’

आणि गेली. शंतनूलाही तिने त्याच संध्याकाळी बोटीवरून उतरवलं. तो मला शोधत आला होता, मला वाटलं मारामारी होईल, मी तयारच होतो. तो फक्त म्हणाला, ‘गाढव आहोत यार आपण,’ आणि गाडीत जाऊन बसला. त्याच्याशी भांडायलाही काही उरलं नाही.

कुमार काकांनी मला लाइनवरून काढलं. नीट बोलले. ते नीट बोलले म्हणून जास्त लागलं.

पैज मी हरलो असंच धरतो. बाबांना फोन करून सांगतो की फॉलला परत येतो.

ओजस

*

शुगर लँड
७ ऑगस्ट

ओजस,

पैज हरली म्हणून कॉलेजला जाऊ नकोस. शिकायचं असेल तर जा. संजयचा मला फोन आला होता, त्याला मी हेच सांगितलं. या वेळी मला सगळं ऐकू आलं, कारण तो हळू बोलत होता.

तुझ्या चुकांबद्दल सावनी पुरेसं बोलली आहे. मी माझ्याबद्दल लिहितो. तो कागद मी १९९८ साली लिहिला, कारण क्लबमध्ये दोघांनी एकमेकांत मोठ्या रकमा लावायला सुरुवात केली होती आणि एकाच्या घरी भांडणं झाली. पाच डॉलर, वाढवायचे नाहीत, भरून काढायला जायचं नाही. जबाबदारीने पैज लावायची म्हणजे एवढंच, असं मला वाटायचं, आणि मला त्याचा अभिमान होता. पैज म्हणजे पैसे, असं मी धरून चाललो. ज्याच्याकडे लावायला पैसे नाहीत, पण दुसरं बरंच काही आहे, असा माणूस माझ्या डोळ्यासमोर आलाच नाही. तुला लाइनवर मीच उभं केलं होतं. तुझा डोळा चांगला होता एवढंच मी बघितलं.

कुमारला नवा कागद पाठवलाय. त्यात एक ओळ वाढवली आहे: माणूस, त्याची जागा, त्याचं शिक्षण पैजेला लावायचं नाही. लिहिताना वाटलं, हेही लिहावं लागतंय.

सावनीला पत्र लिहावं का असं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. सध्या नको. तिला माफ करायचं काम लावू नकोस. तिच्यामागे आहेत तेवढी कामं पुरेत.

प्रल्हाद काका

*

सांता क्लारा
४ सप्टेंबर

प्रल्हाद काका,

बाबांशी बोललो. इथल्या कम्युनिटी कॉलेजात जानेवारीपासून दोन विषय घेतोय, यार्डातलं काम सांभाळून. पैजेसाठी नाही. बाबा म्हणाले, बघू. बघू म्हणाले हेच खूप.

सावनीला लिहिलं नाही. ती यार्डात येते, मी दिसलो तर मान हलवते. ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढीच. मीही तेवढीच हलवतो.

काल फॉल सिरीजची पहिली रेस होती. मला पाण्यावर काम नाही, म्हणून जेटीवरून बघितली. तिथून रेघ दिसत नाही, कोण पुढे कोण मागे काही कळत नाही, नुसती शिडं दिसतात. झुळूक पुन्हा बोयाच्या बाजूने आली. सावनी, प्रीता, आणि पुढच्या शिडावर रुही म्हणून प्रीताच्या ऑफिसातली नवीन मुलगी. वेळ अगदी नेमकी साधली होती. हॉर्न झाला. मी दुसऱ्या हॉर्नची वाट बघत राहिलो. दुसरा वाजला नाही. रेडिओवर कुणाचाच नंबर नाही. सगळे सुटले.

आणि झुळूक फिरली.

सगळ्या बोटी पुढे जात असताना ती एकटी उलटी आली. शिडं फडफडत, बाकीच्यांना वाट देत, लाइनच्या मागे पूर्ण गेली आणि पुन्हा सुरुवात करून निघाली. पाऊण मिनिट तरी गेलं असेल. शेवटी चौथी आली.

रात्री यार्डात कुमार काका भेटले. मी विचारलं, तुम्ही तिला बोलावलंत का? ते म्हणाले, ‘नाही रे. मंजुषा होती लाइनवर. सावनी चांगली अर्धी बोट मागे होती, एकदम क्लिअर. मी रेडिओवर दोनदा सांगितलं, झुळूक क्लिअर आहे, झुळूक, जात राहा. तिने ऐकलं, हातही केला. तरी फिरली.’

त्यांनी नंतर तिला विचारलं म्हणे, का फिरलीस?

ती म्हणाली, ‘क्लिअर आहेस, असं मला कुणीतरी मागेही सांगितलं होतं.’

ओजस